कार्ड टेकवण्याआधी

नवीन जालन्यात मामा चौकातून सुभाष रोडला जायचं तर पायी, दुचाकीवर, नाहीतर रिक्षात. कुंडलिकेपलीकडे जुन्या जालन्यात जायचं तरी तेच. कार्ड टेकवलं की उघडतं असं मेट्रोचं गेट आपल्या गावात नाही. तरीही मेट्रोचं कार्ड आता जालन्यातल्या पाकिटांत सापडायला लागलं आहे. कुणाचा मुलगा पुण्यात शिकतो, कुणाची लेक पिंपरीला दिली आहे, कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला जावं लागतं, कुणाला अमेरिकेच्या व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुल गाठायचं असतं. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत गेली. समृद्धी महामार्गाने नागपूरही जवळ आणलं. गावातला माणूस शहरात उतरतो, आणि तिथला कुणीतरी भाचा-पुतण्या सांगतो, "काका, कार्ड काढून टाका, रांगेची कटकट नको." काका कार्ड काढतात, दोन दिवस फिरतात, परत येतात. कार्ड कपाटात जातं आणि त्यातले दीड-दोनशे रुपयेही कपाटात जातात.

म्हणून आधी सरळच सांगतो. वर्षातून दोन-तीनदा पुण्या-मुंबईला जाणाऱ्याला कार्डाची गरज नाही. पुणे मेट्रोचं तिकीट मोबाइल ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर निघतं, यूपीआयने पैसे भरता येतात, आलेला क्यूआर गेटवर दाखवला की झालं. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला स्टेशनच्या खिडकीवर रोख देऊन कागदी तिकीट मिळतं. कार्डावर सवलत असते हे खरं. नागपूर, पुणे, दिल्ली या मेट्रोंनी कार्डधारकांना साधारण १० टक्के सूट दिलेली आहे. पण १० टक्के ऐकायला जेवढे वाटतात तेवढे हातात पडत नाहीत. समजा कार्ड तुम्हाला १०० रुपयांना पडलं आणि रोजचं तिकीट २० रुपयांचं आहे. फेरीमागे वाचले २ रुपये. कार्डाचे पैसे वसूल व्हायलाच ५० फेऱ्या हव्यात. पुणे मेट्रोच्या ३५ रुपयांच्या लांब पल्ल्याच्या तिकिटावरही वाचतात साडेतीन रुपये. शिवाय काही कार्डांना वार्षिक शुल्क असतं आणि ते काढताना खिडकीवर कुणी आपण होऊन सांगत नाही. पहिला प्रश्न तोच विचारा: "दरवर्षी काही कापलं जातं का?"

मग कार्ड कुणी घ्यावं? रोज जा-ये करणाऱ्याने नक्की घ्यावं. कॉलेजातल्या मुलामुलींनी तर साधं कार्ड न घेता विद्यार्थ्यांचं घ्यावं. पुणे मेट्रोने 'एक पुणे विद्यार्थी पास' काढला तो ३० टक्के सवलतीचा होता, आणि ३० टक्क्यांत खरंच फरक पडतो. त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड लागतं, तेव्हा जालन्याहून निघतानाच मुलाच्या फाइलमध्ये त्याची प्रत टाकून द्या. ज्यांना स्मार्टफोन झेपत नाही अशा वडीलधाऱ्यांना, मुलाकडे दोन-दोन महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांना कार्ड सोयीचं पडतं, कारण ओटीपी नाही, पिन नाही, चार्जिंग संपण्याची भीती नाही. सातवी-आठवीतल्या मुलाला एकट्याला क्लासला पाठवायचं असेल आणि हातात फोन द्यायचा नसेल, तरीही कार्ड बरं.

पैसे नेमके असतात कुठे

कार्डाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याला फास्टॅगची सवय झालेली आहे. ट्रक समृद्धीवर असतो, मालक जालन्यात एमआयडीसीतल्या ऑफिसात बसलेला असतो. ड्रायव्हरचा फोन येतो की टॅगमध्ये पैसे नाहीत. मालक तिथूनच रिचार्ज मारतो आणि थोड्या वेळात टोलचा दांडा वर होतो. हे जमतं कारण काचेवरच्या त्या चिकटपट्टीत पैसे नसतातच. तिच्यात असतो फक्त एक क्रमांक. टोलनाक्यावरचं यंत्र तो क्रमांक वाचतं आणि पैसे खात्यातून कापले जातात.

मेट्रोचं आजचं कार्ड तसं नाही. ते एनसीएमसी प्रकारचं आहे. ४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत पंतप्रधानांनी त्याची सुरुवात केली तेव्हा 'वन नेशन, वन कार्ड' असा त्याचा गाजावाजा झाला. त्याचा आराखडा एनपीसीआयचा, म्हणजे यूपीआय आणि रुपे चालवणाऱ्या संस्थेचा. या कार्डात दोन कप्पे असतात. एक कप्पा प्रत्यक्ष कार्डाच्या चिपवर, दुसरा बँकेच्या संगणकावर. मोंढ्यातल्या आडत दुकानात गल्ला आणि तिजोरी वेगळी असते, तसंच हे. गेटवर पैसे जातात ते गल्ल्यातून, म्हणजे चिपवरून. दुकानात पिन टाकून खरेदी केली तर जातात तिजोरीतून. तिजोरी कितीही भरलेली असली तरी गल्ला रिकामा असेल तर गेट उघडत नाही.

अशी रचना का केली असेल? कारण गेटला घाई असते. सकाळी ९ वाजता शेकडो माणसं ओळीने येतात आणि प्रत्येकाला अर्ध्या सेकंदात आत घ्यायचं असतं. त्यात जमिनीखालच्या स्टेशनात नेटवर्कचा भरवसा नाही. प्रत्येक वेळी बँकेला विचारत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल. म्हणून पैसे चिपवरच ठेवायचे आणि गेटने तिथल्या तिथे कापून घ्यायचे. चिपवर जास्तीत जास्त २००० रुपये ठेवता येतात.

आता याचा त्रास कुठे होतो ते बघा. मुलगा पुण्यात आहे, वडील जालन्यात. मुलगा म्हणतो, कार्डात पैसे नाहीत. वडील बँकेच्या किंवा मेट्रोच्या ॲपवरून ५०० रुपये भरतात. पैसे कापल्याचा संदेश येतो. मुलगा गेटवर कार्ड टेकवतो आणि लाल दिवा लागतो. वडिलांना वाटतं पैसे बुडाले, मुलाला वाटतं बाबांनी भरलेच नाहीत, आणि संध्याकाळी फोनवर दोघांची तडातडी. पैसे बुडालेले नसतात. ते तिजोरीत येऊन थांबलेले असतात, गल्ल्यात उतरायचे असतात. त्यासाठी मुलाने स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड ठेवून 'बॅलन्स अपडेट' करून घ्यायचं. काही ॲपमध्ये एनएफसी असलेल्या फोनच्या पाठीला कार्ड लावूनही हे करता येतं. एकदा हे कळलं की भांडण मिटतं. पण गावाकडून पैसे भरणाऱ्या प्रत्येक आई-बापाने हे लक्षात ठेवावं: तुमचा रिचार्ज अर्ध्या वाटेपर्यंतच पोचतो, उरलेली वाट कार्ड ज्याच्या हातात आहे त्याने चालायची. त्यापेक्षा सोपं हवं असेल तर पैसे सरळ मुलाच्या खात्यावर टाका आणि रिचार्ज त्याला खिडकीवर करू द्या. खिडकीवर केलेला रिचार्ज तिथल्या तिथे चिपवर चढतो.

दुसरा घोळ डेबिट कार्डाचा. तुमच्या बँकेच्या कार्डावर वायफायसारख्या चार कमानी छापलेल्या असतात. तेवढ्यावरून ते कार्ड मेट्रोत चालेल असं समजू नका. त्या कमानींचा अर्थ दुकानातल्या यंत्रावर कार्ड नुसतं टेकवून ५००० रुपयांपर्यंतचं बिल पिनशिवाय भरता येतं, एवढाच. मेट्रोसाठी कार्डावर एनसीएमसीचं चिन्ह वेगळं असावं लागतं. अनेक बँकांची नवी रुपे डेबिट कार्डं त्या सोयीसह येतात, जुनी बरीच तशी नसतात. आणि चिन्ह असलं तरी चिपवरचा कप्पा सुरुवातीला रिकामा असतो. तो स्टेशनच्या खिडकीवर सुरू करून त्यात पैसे भरून घ्यावे लागतात. खात्यात ४०,००० रुपये पडलेले असोत, गेटला त्याचं सोयरसुतक नसतं. तरीपण असं कार्ड आधीच घरात असेल तर नवीन विकत घेण्यापेक्षा तेच वापरणं शहाणपणाचं. फक्त बँकेत एकदा विचारून घ्या.

गेटवर

स्टेशनच्या गेटवर दोन जागा असतात. एक काच असते, आतून उजेड येणारी, ती क्यूआरसाठी. दुसरी काळपट चौकोनी पाटी असते, तिच्यावर कार्डाचं चित्र असतं. नवखा माणूस हमखास उजेडाच्या काचेवर कार्ड घासतो. दिवा काही हिरवा होत नाही, मागचे लोक कुजबुजायला लागतात, मग तो कार्ड उलटं करून घासतो. कार्ड उलट-सुलट कसंही चालतं, पण ते पाटीवर लागतं, आणि घासायचं नसतं. सपाट टेकवायचं आणि मनात 'एक' म्हणेपर्यंत तिथेच ठेवायचं. पाटी बहुधा उजव्या हाताला असते. उजव्या हातात पिशवी धरून डाव्या हाताने कार्ड टेकवायला गेलं की शरीर तिरकं होतं आणि कधी कधी शेजारचंच गेट उघडतं. त्यातून दुसराच माणूस आत जातो आणि पैसे तुमचे कापले जातात. तेव्हा पिशवी डाव्या हातात घ्या आणि मगच पुढे व्हा.

या कार्डात बॅटरी नसते. कडेने तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं फिरवलेलं असतं. गेटच्या पाटीतून निघणाऱ्या चुंबकीय लहरींनी त्या तारेत वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. हे सगळं चार-पाच सेंटिमीटरच्या आतच घडतं, म्हणून लांबून हात दाखवून उपयोग नाही. कार्ड सतत मागच्या खिशात ठेवून त्यावर बसलं की तार तुटते. बाहेरून कार्ड धड दिसतं, पण गेटला ते दिसतच नाही. भोक पाडून गळ्यातल्या दोरीत ओवायची सवय असेल तर तीही सोडा, कारण ते भोक नेमकं त्या तारेतून जाऊ शकतं. दोरी लावायचीच असेल तर प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला.

पाकिटासकट टेकवू नका. आत डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड आणि मेट्रोचं कार्ड एकावर एक असली की पाटीला एकाच वेळी तिघांचे आवाज येतात. कधी ती काहीच वाचत नाही, कधी भलतंच वाचते.

आत जाताना टेकवलं तसं बाहेर पडतानाही टेकवायचं. आत शिरताना चिपवर स्टेशनचं नाव आणि वेळ लिहिली जाते, बाहेर पडताना अंतर मोजून पैसे कापले जातात. गर्दीत पुढच्याच्या पाठोपाठ गेटमधून सटकलं तर त्या दिवशी फुकट प्रवास झाल्यासारखा वाटतो. पण चिपच्या लेखी तुम्ही अजून आतच असता. पुढच्या वेळी गेट तुम्हाला घेत नाही, खिडकीवर जाऊन नोंद सुधारून घ्यावी लागते आणि दंडही बसू शकतो. एका कार्डावर एकच माणूस जातो. नवरा-बायको दोघं असतील तर दोन कार्डं, नाहीतर एक कार्ड आणि एक तिकीट. एका कार्डावर पाच जणांचं कुटुंब आत घालायचा प्रयत्न करणारे दिसतात. त्यापेक्षा पाच जणांची तिकिटं मोबाइलवर एकदम काढणं सोपं.

जालनेकर कुठे उतरतो

पुण्याला जाणारी आपली बस नगर रस्त्याने, वाघोली-खराडी करत शहरात शिरते. पुढे शिवाजीनगरच्या गाड्या वाकडेवाडीला जातात, कारण मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरचं जुनं स्थानक २०१९ च्या अखेरीस तिकडे हलवलं गेलं. नगर रस्त्यावरच रामवाडीचं मेट्रो स्टेशन आहे. तुमची गाडी तिथे थांबत असेल आणि तुम्हाला डेक्कन, कोथरूड किंवा वनाजकडे जायचं असेल, तर रामवाडीलाच उतरा. पुढचा ट्रॅफिकमधला वेळ वाचतो. स्वारगेट किंवा पिंपरीला जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्टेशनवर, म्हणजे ज्याला लोक अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात तिथे, गाडी बदलायची. बदलताना बाहेर पडायचं नाही आणि कार्ड टेकवायचं नाही. एकच प्रवास धरला जातो. पुण्यात पीएमपीएमएलच्या बसमध्ये मेट्रोचं कार्ड चालेल असं धरून चढू नका. आधी कंडक्टरला विचारा आणि खिशात सुटे ठेवा.

मुंबईत प्रकरण गुंतागुंतीचं आहे. वंदे भारतने सीएसएमटीला उतरलात तर आता बाहेरच भुयारी मेट्रोचं, म्हणजे मार्गिका ३ चं स्टेशन आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. सिद्धिविनायक, दादर, बीकेसी (म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल), विमानतळाचं टी-२ ही सगळी ठिकाणं त्याच एका मार्गावर आहेत. तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. व्हिसाच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी ही गोष्ट लिहून ठेवावी, कारण लोकलने वांद्र्याला उतरून पुढे रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यात निम्मा धीर तिथेच संपतो. मात्र मुंबईतल्या मेट्रो मार्गिका वेगवेगळ्या संस्था चालवतात. घाटकोपर-वर्सोवा एकीकडे, दहिसर-अंधेरी दुसरीकडे, भुयारी तिसरीकडे. दहिसर-अंधेरीच्या मार्गांवरचं 'मुंबई १' कार्ड जानेवारी २०२३ मध्ये आलं. लोकलचं तिकीट तर अजून वेगळंच. रेल्वेच्या स्टेशनवर उभ्या असलेल्या एटीव्हीएम यंत्रांचं स्मार्ट कार्ड असतं, ते मेट्रोत चालत नाही आणि मेट्रोचं तिथे चालत नाही. दोन दिवसांच्या मुंबई मुक्कामासाठी या सगळ्यांची कार्डं जमवणं म्हणजे निव्वळ खर्च. ८ ऑक्टोबर २०२५ ला आलेलं 'मुंबई वन' ॲप मेट्रो, लोकल, बेस्ट अशा अनेक सेवांची तिकिटं एकाच ठिकाणी काढून देतं. पाहुण्याला तेच पुरेसं.

मुंबईचं हे दुखणं आजचं नाही. बेस्ट आणि लोकल दोन्हीकडे चालावं म्हणून 'गो मुंबई' नावाचं कार्ड बऱ्याच वर्षांपूर्वी निघालं होतं. ते तग धरू शकलं नाही. हाँगकाँगचं 'ऑक्टोपस' १९९७ मध्ये आलं आणि आजही चालतं, कारण ते काढतानाच तिथल्या रेल्वे, बस आणि फेरीच्या कंपन्या भागीदार म्हणून एकत्र बसल्या होत्या. कार्ड चांगलं की वाईट हा मुद्दा फारसा नव्हताच. तिकिटाचे पैसे आपसात कसे वाटायचे हे आधी ठरलं होतं. आपल्याकडे कार्ड आधी येतं आणि वाटणीची चर्चा मग सुरू होते. लंडनने २००३ मध्ये 'ऑयस्टर' काढलं आणि २०१४ पासून भुयारी रेल्वेतही साधं बँकेचं कार्ड टेकवायची मुभा दिली. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना वेगळं कार्ड काढायचीही गरज उरलेली नाही.

नागपूरचं सोपं आहे. तिथल्या मेट्रोचं 'महाकार्ड' स्टेट बँकेबरोबरचं, दोनच मार्गिका, आणि सीताबर्डीला दोन्ही एकमेकींना मिळतात. वर्धा रस्त्याने शहरात शिरणाऱ्याला खापरीपासूनच मेट्रो मिळते.

छत्रपती संभाजीनगरला रोज जाणारे आपल्याकडे सगळ्यात जास्त, पण तिथे मेट्रो नाही. शहर बस आहे, ती २०१९ पासून 'माझी स्मार्ट बस' नावाने धावते. त्यात पुण्याचं कार्ड दाखवून बघू नका. सुटे किंवा यूपीआय, आणि रोजचं जाणं असेल तर पासची चौकशी त्यांच्याच कार्यालयात.

एसटीची सवलत कार्डात येत नाही

हा गैरसमज इतका पसरला आहे की त्याला वेगळी जागा द्यावी लागते. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. ही सवलत एसटी महामंडळाची आहे. पुण्याच्या मेट्रोत, पीएमपीएमएलमध्ये किंवा बेस्टमध्ये ती लागू होत नाही. "मला एसटीत फुकट असतं," असं सांगून मेट्रोच्या खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात काही नसतं.

आता एसटीच्या स्वतःच्या कार्डाबद्दल. २०१९ मध्ये महामंडळाने सवलतधारकांसाठी आधारशी जोडलेलं स्मार्ट कार्ड आणलं होतं. आपल्या बसस्थानकावरही ज्येष्ठांच्या रांगा लागल्या, अंगठे उमटवून झाले, मुदती एकामागून एक वाढत गेल्या आणि शेवटी तो सगळा प्रकार मागे पडला. अनेकांच्या घरात ते कार्ड अजून जपून ठेवलेलं आहे. आज कंडक्टर वय बघतो ते आधार कार्डावर किंवा तशाच शासकीय ओळखपत्रावर. तेव्हा आजी-आजोबांच्या पिशवीत आधारची मूळ प्रत किंवा डिजिलॉकरवरची प्रत असू द्या. नवीन कार्डाच्या घोषणा अधूनमधून होत असतात. स्थानकावर प्रत्यक्ष नोंदणी सुरू होईपर्यंत एजंटाला, ऑनलाइन केंद्राला किंवा शेजारच्या ओळखीच्याला त्यासाठी एक रुपयाही देऊ नका.

हरवलं, बिघडलं, कुणी फोन केला

कार्ड हरवलं तर तिजोरीतले पैसे वाचवता येतात, गल्ल्यातले जातात. हेल्पलाइनला फोन करून कार्ड बंद केलं तरी चिपवरची रक्कम परत मिळत नाही, कारण ज्याला ते सापडलं तो बँकेला न विचारता गेटमधून जाऊ शकतो. रस्त्यात पडलेल्या नोटेसारखंच ते. म्हणून चिपवर २००० ठेवायची परवानगी असली तरी २००-३०० रुपयांच्या वर ठेवू नका. आठवड्याला एकदा भरणं थोडं कंटाळवाणं आहे, पण पोराच्या हातून कार्ड पडलं तर तेवढंच नुकसान.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक सूट दिली. सार्वजनिक वाहतुकीपुरती प्रीपेड कार्डं केवायसीशिवाय देता येतात. त्यांत जास्तीत जास्त ३००० रुपये राहू शकतात, त्यांना मुदत नसते, पण त्यांतून रोख काढता येत नाही, दुसऱ्याला पैसे पाठवता येत नाहीत आणि परतावाही मिळत नाही. थोडक्यात, आत गेलेला रुपया प्रवासातूनच बाहेर येतो. असं कार्ड घेणाऱ्याने जेवढा प्रवास करायचा तेवढंच भरावं.

कार्ड काढताना मोबाइल क्रमांक दिला असेल तर फोन येऊ शकतात: "तुमच्या मेट्रो कार्डाचं केवायसी संपलंय, आज रात्री बंद होईल, ओटीपी सांगा." कार्ड बंद झालं तर तुमचं नुकसान दोनशे रुपयांचं. ओटीपी सांगितला तर नुकसान किती होईल हे तुमच्या बचत खात्यावर अवलंबून. फोन ठेवून द्या. हेल्पलाइनचा क्रमांक गुगलवर शोधू नका, तिथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो तोच लावा. कार्ड नवीन असतानाच त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर ठेवला तर हरवल्यावर तो क्रमांक हाताशी असतो. कार्डावर पिन लिहिलेली नसावी, हे वेगळं सांगायला नको, पण लिहिणारे आहेत.

पैसे दोनदा कापले गेले, गेट उघडलं नाही तरी पैसे गेले, असं झालं तर त्याच दिवशी, त्याच स्टेशनच्या खिडकीवर जा. जालन्याला परत येऊन तक्रार करायची म्हणाल तर आठवडे जातात. खिडकीवरचा माणूस कार्ड यंत्रावर ठेवून शेवटचे व्यवहार दाखवतो. कुठे आत गेलात, कुठे बाहेर पडलात, किती कापले, सगळं चिपवर असतं. तो पडदा दिसला की बऱ्याचदा कळतं की कापलेले पैसे कालचे, विसरलेल्या टेकवण्याचे आहेत.

परतीच्या गाडीआधी शिल्लक बघून घ्या. बिनकेवायसीचं, कुणाचं नाव नसलेलं साधं कार्ड असेल तर ते घरात पुढच्या वेळी जो पुण्या-मुंबईला निघेल त्याच्या हाती द्या. तो माणूस दुसऱ्या शहरात जाणार असेल तर कार्ड तिथे चालतं का ते आधी विचारून घ्यायला सांगा, कारण एनसीएमसीचं चिन्ह असलं तरी सगळ्या शहरांची सगळी यंत्रं ते घेतातच असं नाही. विद्यार्थ्याचा पास, बँक खात्याशी जोडलेलं कार्ड किंवा सवलतीचं कार्ड मात्र दुसऱ्याला देऊ नका. तपासणीत सापडलं तर दंडही होतो आणि पासही रद्द होतो.